आधी कोण, मग काय

मोबाइलवर येणाऱ्या माहितीने जीव मेटाकुटीला आला की आपल्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, मोबाइल बाजूला ठेवा, कमी पाहा. दुसरा, जे पाहाल ते नीट, लक्षपूर्वक, चिकित्सकपणे वाचा. पहिल्या सल्ल्याने जिवाला आराम पडतो, पण पिकावरच्या रोगाचे, आईच्या औषधाचे किंवा मुलाच्या प्रवेशाचे उत्तर त्यातून मिळत नाही. ती माहिती शोधावी लागतेच आणि आज बहुतेक वेळा ऑनलाइनच शोधावी लागते. दुसरा सल्ला शहाणपणाचा वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक काळजीने तपासायला हवा. माझे म्हणणे असे की, अनोळखी ठिकाणाहून आलेला मजकूर लक्ष देऊन वाचत बसणे ही निदान पहिली पायरी असू नये. मजकूर खरा की खोटा, हे त्या मजकुरात सहसा सापडत नाही, त्याच्या बाहेर सापडते. म्हणून काय म्हटले आहे यात शिरण्याआधी कोण म्हणते आहे हे पाहावे, आणि त्यासाठी समोरचे पान तेवढ्यापुरते सोडून बाहेर पडावे. एवढी सवय लागली तर भरवशाची माहिती मिळण्याची शक्यता वाढतेच, शिवाय माहितीचा ढीगही कमी होतो, कारण त्यातले बरेचसे वाचण्याची गरजच उरत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासात आहे. २०१७ साली पुढे आलेल्या या अभ्यासात त्यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवले. त्यांत १० इतिहासाचे डॉक्टरेट मिळवलेले अभ्यासक होते, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस होते आणि २५ स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. एका कामात त्यांच्यापुढे शाळकरी मुलांमधल्या दादागिरीविषयीचे दोन लेख ठेवले. पहिला लेख ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’चा. ही बालरोगतज्ज्ञांची १९३० पासूनची संघटना, साठ हजारांहून अधिक सदस्यांची. दुसरा ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिअ‍ॅट्रिशियन्स’चा. ही २००२ साली पहिलीतून फुटून निघालेली, काही शे सदस्यांची संघटना. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याच्या प्रश्नावर ही फूट पडली होती. दोन्ही नावे कानाला सारखीच भारदस्त, दोन्ही पाने नीटनेटकी आणि दुसऱ्या पानालाही शास्त्रीय लेखाचा पूर्ण थाट. इतिहासकारांनी लेख वरपासून खालपर्यंत वाचले, बोधचिन्ह पाहिले, मांडणी पाहिली, भाषा जोखली. तरी त्यांच्यातल्या अनेकांना ठाम उत्तर देता आले नाही. विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तर फुटीर संघटनेचेच पान अधिक विश्वासार्ह ठरवले. तथ्यतपासनिसांनी काय केले? पान उघडताच त्यांनी ते सोडले, शेजारी नवे टॅब उघडले, संघटनेचे नाव शोधले आणि इतर लोक तिच्याबद्दल काय लिहितात ते पाहिले. दहाच्या दहा जण बरोबर निघाले. त्यांनी लेख सर्वांत कमी वाचला आणि त्यांना सर्वांत जास्त समजले.

इतिहासकार बुद्धीने कमी पडले असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी तेच केले जे आपल्या सर्वांना शाळेपासून शिकवलेले असते. समोर आलेला उतारा लक्ष देऊन वाचायचा आणि त्याच्याच आधारे उत्तर द्यायचे, ही ती पद्धत. छापील पुस्तकांच्या जगात ती चालून जात असे, कारण पुस्तक वाचकाच्या हाती पडण्याआधी संपादक, प्रकाशक, ग्रंथपाल आणि शिक्षक यांच्या नजरेखालून गेलेले असे. कोण लिहिते आहे याची छाननी वाचकासाठी दुसऱ्या कुणीतरी बरीचशी आधीच केलेली असे. ती छाननी अचूक नव्हती, पण होती. इंटरनेटवर ती वाचकाच्या गळ्यात पडली आहे, आणि आपण मात्र अजून ती झालेलीच आहे असे धरून वाचतो. फसवणारा माणूस याच गोष्टीवर विसंबतो. स्वच्छ मांडणी, शुद्ध भाषा, संदर्भांची यादी, पांढऱ्या कोटातला फोटो या सगळ्या पानावरच्या गोष्टी आहेत आणि पान त्याच्या ताब्यात आहे. इतर लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात, यावर त्याचा ताबा तेवढा चालत नाही.

शिवाय खोटेपणा नेहमी मजकुरात असतो असेही नाही. दर दिवाळीला भारताचा रात्रीचा एक रंगीबेरंगी नकाशा अंतराळातून टिपलेली दिवाळी म्हणून फिरतो. ते चित्र बनावट नाही. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते तयार केले. त्यात पांढरा रंग जुन्या वस्त्यांच्या दिव्यांचा, निळा १९९२ पर्यंत वाढलेल्या, हिरवा १९९८ पर्यंतच्या आणि लाल २००३ पर्यंतच्या दिव्यांचा आहे. म्हणजे ते शहरे कशी पसरत गेली याचे चित्र आहे, दिवाळीशी त्याचा संबंध नाही. २०१२ साली ‘नासा’ने दिवाळीच्या सुमारास खरोखर घेतलेले छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा दिवाळीच्या दिव्यांनी पडणारा फरक अंतराळातून जाणवण्याइतका नसतो, हेही स्पष्ट केले. फिरणारे चित्र कितीही निरखून पाहिले तरी यातले काहीच कळणार नाही. चित्राचा उलटा शोध घेतला, म्हणजे गूगल लेन्ससारख्या साधनाला ते चित्र दाखवून ते आधी कुठे छापले गेले हे विचारले, की मूळ पान समोर येते.

दिवाळीच्या चित्राने कुणाचे नुकसान होत नाही. पण हीच गोष्ट जिवावरही बेतते. २०१८ साली मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा देशभर पसरल्या. त्या काळी फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून एक मूल उचलून नेताना दिसत. मुळात ती कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी बनवली होती. शेवटी ते मोटारसायकलस्वार परत येऊन मूल सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कापून ती पुढे पाठवली जात होती. अशा अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, भिक्षुकीवर पोट भरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. भडकलेल्या जमावात उभे राहून कुणी शोध घेत बसणार नाही, हे खरे. पण अफवा जमावाच्या आधी कित्येक दिवस एकेका फोनवर एकेका माणसाने वाचलेली असते. प्रश्न विचारायची संधी तिथे असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कोण’ या प्रश्नाची एक मोठी गल्लत होते. निरोप मामांनी पाठवला, सरांनी पाठवला किंवा सोसायटीच्या सचिवांनी पाठवला, म्हणून आपण विश्वास ठेवतो. पण पुढे पाठवणारा हा स्रोत नसतो. मामा प्रामाणिक आहेत, एवढ्यावरून मामांना हे कुठून कळले याचे उत्तर मिळत नाही. अशा वेळी दावा ज्याच्या नावावर केला आहे त्याच्याच दाराशी जावे. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, हा निरोप वर्षानुवर्षे फिरतो, तसे काही केलेले नसल्याचे युनेस्कोने २००८ सालीच सांगितले आहे. दहा रुपयांचे नाणे बंद झाले म्हणून दुकानदार आणि रिक्षावाले ते नाकारत होते, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून नाण्याचे १४ निरनिराळे नमुने चलनात असून सर्व वैध असल्याचे जाहीर केले. या दोन्ही प्रकरणांत वाद घालण्याची, तर्क लढवण्याची काहीच गरज नव्हती. चलनाबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, एवढे ठाऊक असले की पुरे.

आता यात माहितीच्या भाराचा प्रश्न कसा सुटतो ते पाहू. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते की माहिती खर्च करते ते आपले लक्ष, आणि म्हणून माहिती विपुल झाली की लक्षाचा तुटवडा पडतो. या तुटवड्यात खोट्याला आपोआप फायदा मिळतो. एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा माग काढला. २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि दीड हजार लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सुमारे सहापट वेळ लागला. एकच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडले की ते खरे वाटू लागते, हे तर मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच प्रयोगाने दाखवले आहे. म्हणजे खोटा मजकूर चिकित्सकपणे वाचला तरी तो मनात घर करून जातो. खंडन करण्यासाठी का होईना, त्याला आपण आपली दहा मिनिटे दिलेली असतात. स्रोत आधी पाहणारा माणूस ही दहा मिनिटे देतच नाही. ज्याचा ठावठिकाणा नाही ते पुढे वाचायचे नाही आणि पुढे पाठवायचेही नाही, एवढा एक नियम लावला तर दिवसभरात येणाऱ्या निरोपांपैकी फार थोडे शिल्लक राहतात.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदाराचे उदाहरण घ्या. घड भरत आले आहेत, ढगाळ हवा आहे, भुरी दिसू लागली आहे. यूट्यूबवर भुरीच्या फवारणीचे शोधले तर चित्रफितींची रांग लागते. प्रत्येकात आत्मविश्वासाने बोलणारा माणूस, पंपाला किती मिली घ्यायचे याचा आकडा आणि खाली ‘रिझल्ट शंभर टक्के’ अशा प्रतिक्रिया. या सगळ्या पाहून त्यांतून चांगली निवडायची म्हटले तर रात्र जाईल. ज्याला ही वाट माहीत आहे तो त्या न पाहता पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी उघडतो. कोणत्या औषधाला द्राक्षावर ‘लेबल क्लेम’, म्हणजे त्या पिकावर वापरण्याची अधिकृत मान्यता, आहे, ते कोणत्या रोगासाठी आहे, मात्रा किती, फळात उर्वरित अंश किती चालतो आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवायची, म्हणजेच ‘पीएचआय’ किती, हे सगळे तिथे ओळीने दिलेले असते. चित्रफितीतले औषध त्या यादीत नसेल तर बोलणारा किती अनुभवी आहे हा प्रश्नच संपतो. यादीत असेल, तर सांगितलेली मात्रा ताडून पाहायला एक मिनिट लागते. मला या उदाहरणात महत्त्वाचे वाटते ते असे की, कुठे जायचे हे या बागायतदाराने गरज पडण्याआधीच ठरवून ठेवलेले असते. आरोग्य, पैसा, शेती, मुलांचे शिक्षण, हवामान अशा आपल्या नेहमीच्या विषयांसाठी दोन-दोन खात्रीची ठिकाणे आधीच निवडून ठेवली, तर संकटाच्या वेळी शोधयंत्राच्या दयेवर राहावे लागत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही तर अधिकारवाणीची पूजा झाली. मोठ्या संस्था चुकत नाहीत काय? चुकतात, आणि कधी कधी वाईट चुकतात. याच द्राक्षांचे पाहा. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या, वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याने युरोपने आपली द्राक्षे नाकारली आणि महाराष्ट्रातले बागायतदार अडचणीत आले. निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते तेव्हा नव्हते. पुढे त्याचा समावेश झाला. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असे ठासून जाहीर केले होते, तेही पुढे मागे घ्यावे लागले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड यांचा, अवघ्या १२ मुलांवर आधारलेला, लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लेख छापला आणि तो रद्द करायला २०१० साल उजाडले. हे सगळे मान्य करूनही माझे मत बदलत नाही, कारण या चुका कशा उघड झाल्या ते पाहावे. कोविडच्या बाबतीत जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी स्वतःच्या नावानिशी, पुरावे देऊन जाहीर पत्र लिहिले. वेकफिल्ड यांचे प्रकरण ब्रायन डीअर या पत्रकाराने कागदपत्रे खणून काढून बाहेर आणले. चुका दाखवणाऱ्या या लोकांबद्दल ‘कोण’ हा प्रश्न विचारला तर भक्कम उत्तर मिळत होते. म्हणून भरवशाचा स्रोत म्हणजे कधीच न चुकणारा स्रोत असे मी मानत नाही. जो नाव लावतो, तारीख टाकतो, आधार दाखवतो आणि चुकल्यावर दुरुस्ती छापतो, तो भरवशाचा. निनावी निरोप कधीच दुरुस्ती छापत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण तो थेट संशोधनातून येतो. बाहेर जाऊन शोधा म्हणता, पण शोधल्यानेच माणूस फसला तर? डिसेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात नेमके हेच दिसले. खोट्या बातमीची खातरजमा करण्यासाठी ऑनलाइन शोध घेणाऱ्यांचा तिच्यावरचा विश्वास कमी होण्याऐवजी वाढला. कारणही त्यातच सापडले. अनेक जण खोट्या बातमीच्या मथळ्यातलेच शब्द जसेच्या तसे शोधयंत्रात टाकत होते, आणि त्या शब्दांनी तशीच हलक्या दर्जाची पाने वर येत होती. ज्या विषयावर चांगले लिखाण थोडे आहे तिथे शोधयंत्र रिकामे राहत नाही, जे असेल ते पुढे करते. म्हणून बाहेर जायचे म्हणजे दाव्याचे शब्द पुन्हा टाकायचे असे नव्हे. दावा करणाऱ्याचे नाव शोधावे, ज्या संस्थेचा हवाला दिला तिचे मूळ पान शोधावे, आणि पहिल्याच निकालावर बोट ठेवण्याआधी खालची आठ-दहा नावे नुसती नजरेखालून घालावीत. वाइनबर्ग यांच्या तथ्यतपासनिसांचीही हीच रीत होती.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटने हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. पूर्वी निदान दहा पत्ते समोर येत. आता एकच सफाईदार उत्तर येते आणि ‘कोण’ त्यातून पुसले जाते. मे २०२४ मध्ये गूगलच्या अशा उत्तरात पिझ्झावरचे चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालण्याचा सल्ला दिला गेला. त्याचे मूळ कुणीतरी अकरा वर्षांपूर्वी रेडिटवर थट्टेने लिहिलेल्या ओळीत निघाले. उत्तराला संदर्भ मागितला म्हणजे भागले असेही नाही. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले, त्यांतले सहा खटले अस्तित्वातच नव्हते, आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. यंत्राची मदत घ्यायला माझी हरकत नाही. मात्र त्याने दिलेला संदर्भ उघडून, तिथे ते खरोखर लिहिले आहे ना, हे पाहिल्याशिवाय ते उत्तर औषधाच्या, पैशाच्या किंवा कायद्याच्या कामी वापरू नये.

हे सर्वसामान्य माणसाला जमणार कसे, असेही विचारले जाते. जमते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात सुमारे ५०० शाळकरी विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात प्रत्येकी ५० मिनिटांच्या अवघ्या सहा तासिका दिल्या गेल्या, आणि त्या घेतलेल्या मुलांची स्रोत पारखण्याची क्षमता न घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे वाढली. सहा तासिका आपल्या कोणत्याही शाळेला परवडतील. आठवी-नववीच्या मुलांना एखादा फिरणारा निरोप देऊन त्याचे मूळ शोधायला लावणे हा उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहिण्याइतकाच भाषेचा अभ्यास आहे.

मात्र मराठीत शोधणाऱ्याची एक अडचण केवळ सवयीने सुटणार नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभा केलेला मराठी विश्वकोश आज सर्वांसाठी ऑनलाइन खुला आहे आणि नाव, विषय, संदर्भ यांची शिस्त तिथे आहे. पण त्याचे सुरुवातीचे खंड १९७० च्या दशकातले आहेत. नोंद उघडल्यावर आकडा कोणत्या सालचा आहे हे पाहावेच लागते. नव्या नोंदींचे काम विश्वकोशाची विषयवार ज्ञानमंडळे करत आहेत. तरीही मधुमेहाचे नवे औषध, विम्याची अट, कपाशीवरची नवी कीड यांविषयी मराठीत शोधले की बहुतेक वेळा विकणाऱ्यांचीच पाने आधी येतात. ही जागा रिकामी आहे म्हणून ती भरली जाते. डॉक्टर, कृषी विद्यापीठांतले शास्त्रज्ञ, वकील, बँकेतले अधिकारी, विज्ञानाचे शिक्षक यांना माझी विनंती आहे की आपल्या विषयावर वर्षातून दोन-चार लेख तरी मराठीत लिहा, मराठी विकिपीडियावर एखादी नोंद संदर्भांसह नीट करा. खाली आपले नाव घाला, तारीख टाका, आधार कुठला ते सांगा, आणि माहिती बदलली की तो लेख दुरुस्त करा.